फुलांशिवाय कवंदी? शक्यच नाही!

वीकेंडला गोवा नेहमीचाच! या वेळी गाडी कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलाकडे वळवा. इथल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात. आपल्या गोधडीची चुलतबहीणच म्हणा ना! पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले अनेक आफ्रिकी निसटून या रानात आले. यांच्यातल्या कित्येकींचे ते पूर्वज. त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला मात्र २००३ उजाडलं.

जुन्या कपड्यांचे तुकडे जोडत, कडेपासून धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या रंगीत कापडाची ‘फुलं’. त्यांनी ऊब वाढत नाही, पण त्यांच्याविना कवंदी नागडीच मानतात! अंगावरचं जुनेर पांघरूण होतानाही नटलंच पाहिजे. विकत घेताना घासाघीस नको. आधी कोपरे बघा.