परदुःख शीतळ की गोड?

‘परदुःख शीतळ’ असे आपण म्हणतो. दुसऱ्याच्या दुःखाची झळ आपल्याला लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण कधी कधी ते दुःख नुसते शीतळ नसते, गोड लागते. त्यासाठी झोंबणारी म्हणही आहे : नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे. म्हण बाईच्या माथी मारली असली, तरी हा स्वभाव पुरुषांतही कमी नाही.

हाँगकाँगच्या कँटोनी भाषेत लोकांचे भांडण मजेने पाहत राहण्याला ‘शेंगदाणे खाणे’ म्हणतात. आपण जत्रेत शेंगदाणे खात दशावतार बघतो, तसेच.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने मालवणची किनारपट्टी झोडपली. आमच्या वाडीत एका घराचे नवेकोरे पत्रे उडाले. मुलाने मुंबईत राबून, कर्ज काढून ते घातले होते. सकाळी कोणीतरी म्हणाले, “लय उडत होते, आता पत्रे पण उडाले!” चारचौघे हसले. हसणाऱ्यांची कौलेही फुटलेली होती, आणि अंधार तर पुढे कित्येक दिवस सगळ्यांच्याच घरात होता.

मी पेशाने कारकून. नुकसानभरपाईचे अर्ज लिहून द्यायला घरोघर फिरलो, तेव्हा त्या घरची काकी म्हणाली, “नको रे बाबू, लोक आणखी हसतले.” दोन दिवस समजावल्यावर तिने सही केली. तोवर तिचे तांदूळ भिजून गेले होते. वादळाने छप्पर नेले. मदत मागायचे धैर्य मात्र त्या हसण्याने नेले.

जातिव्यवस्था का टिकते, हे बाबासाहेबांनी उलगडून दाखवले. ती पायऱ्यापायऱ्यांची विषमता आहे. आपल्याखाली कोणीतरी आहे, या समाधानात प्रत्येक जण राहतो आणि एकजूट होत नाही. शेजाऱ्याचे छप्पर उडाल्याचा आनंद त्याच कुळातला.

तथागतांनी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा शिकवली. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणे. करुणेपेक्षा ती कठीण. पडलेल्याची कीव चटकन येते. पण शेजारी चढू लागला की पोटात दुखते. पत्रे चढताना ज्याला मनापासून बरे वाटले, तो ते उडताना हसला नसता.

म्हणून वस्तीतले एखादे पोर नोकरीला लागले, कोणी घराचा पाया खणला, तर आपल्या मुलांदेखत त्यांचे कौतुक करा. मुले आपले बोलणे ऐकत असतात.