माजाचे एकवीस दिवस

घर स्वच्छ कसे राखावे याविषयी आपल्याकडे उपदेशाची वाण कधीच पडली नाही. सडासंमार्जनापासून फिनेलच्या बाटलीपर्यंत सर्व विषयांवर वडीलधाऱ्यांनी आणि जाहिरातदारांनी आपणांस पुरेसे शहाणे केले आहे. परंतु घरात पाळलेली कुत्री माजावर आली असता त्या दोन-तीन आठवड्यांत घर कसे राखावे, या प्रश्नाची वाच्यता मात्र चार माणसांत कोणी करीत नाही. कारण उघड आहे. ज्या रक्ताचा हा प्रश्न, ते रक्त सभ्य घरात बोलण्याचा विषय नव्हे. श्वानाच्या इमानावर बोलणारे पुष्कळ. धर्मराजाच्या मागून स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला श्वान, दत्तात्रेयांच्या पायांशी बसलेले चार श्वान, पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, ही चित्रे आपण बाळपणापासून पाहत आलो. वेदांतील सरमा वगळली, तर या मंडळींत स्त्रीजातीचे कोणी नाही, ही गोष्ट चिंगी आमच्या घरी येईपर्यंत माझ्या कधी मनातही आली नव्हती.

चिंगी जातिवंत नव्हे, शुद्ध गावठी. कॉटन ग्रीन स्थानकाच्या पायऱ्यांशी पावसात कुडकुडत बसलेले ते पिल्लू आमच्या कन्येने दप्तरातून घरी आणले, आणि जे दप्तरातून आले ते परत पाठविणे आमच्याच्याने झाले नाही. आमचे बिऱ्हाड काळाचौकीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकघर आणि एक चिंचोळी गॅलरी. सासरे गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच, परंतु ही जागा राहिली. एवढ्या जागेत पाच माणसे आणि एक कुत्री नांदतात. 'कुत्री बाहेर बांधा' असे सांगणाऱ्यांनी आमच्याकडे 'बाहेर' कोठे आहे तेही कृपा करून दाखवावे.

1 सप्टेंबर 2024 रोजी सकाळी लादीवर पहिला ठिपका दिसला. सात तारखेस गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे गौरीसह पाच दिवसांचा गणपती असतो. त्यामुळे त्या घरात त्या आठवड्यात जे काही घडायला नको, तेच नेमके घडू लागले होते. भाद्रपद आणि कुत्री यांचा संबंध आपल्या जुन्या माणसांस चांगला ठाऊक आहे. रस्त्यावरील कुत्र्या पावसाळा सरता सरता अधिक संख्येने माजावर येतात. घरी पाळलेल्या कुत्रीस असा ऋतू बांधलेला नसतो. साधारणतः सहा-सात महिन्यांनी तिची पाळी फिरते. आमच्या चिंगीने तेवढ्यापुरती आपली रस्त्यावरील कुळपरंपरा राखली, एवढेच म्हणायचे.

येथे एका समजुतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पुढील सर्व प्रकरण तिच्यावरच फिरले. कुत्रीच्या अंगावरून रक्त जाते म्हणजे तिला स्त्रियांसारखीच पाळी येते, असे बहुतेक लोक समजतात. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. स्त्रीच्या बाबतीत गर्भाशयाने केलेली तयारी गर्भ न राहिल्यामुळे व्यर्थ जाते आणि ती रक्तावाटे बाहेर पडते. तो एका अध्यायाचा शेवट असतो. कुत्रीचे रक्त हा आरंभ असतो. आधी सुमारे नऊ दिवस सूज आणि रक्तस्राव. या काळात कुत्रे तिच्याभोवती घोटाळतात, पण ती त्यांच्या अंगावर गुरगुरते. मग स्रावाचा लाल रंग फिका होत गवताच्या काडीसारखा पिवळसर होतो, आणि तेथून पुढचे सुमारे नऊ दिवस ती कुत्र्यास जवळ येऊ देते. गर्भ राहतो तो याच काळात. दोन-चार दिवसांचा फरक प्रत्येकीचा निराळा. रक्त थांबले, आता सुटलो, असे म्हणून ज्या घरात साखळी सैल होते, त्या घरात साधारण त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले होतात. लादी स्वच्छ दिसू लागते तेव्हाच जागरणाचे दिवस सुरू होतात, हे या शास्त्रातील मर्म होय.

पहिल्या दिवशी मी गॅसवर पाणी तापत ठेवले. सासूबाईंनी ते पाहिले आणि गॅस बंद केला. "अगं, गार पाणी घे आधी. कढत पाण्यानं डाग शिजतो." शिजतो! रक्तातील प्रथिने उष्णतेने, उकळत्या पाण्यात अंडे जसे घट्ट होते तशी, गोठून धाग्यास धरून बसतात, हे मी शाळेतल्या मुलींस शिकवीत आले आहे. पण त्यासाठी एवढा नेमका शब्द मला कधी सापडला नव्हता. मग त्या उठल्या, माळ्यावरचे गाठोडे काढविले आणि आपल्या एका विटलेल्या नऊवारी लुगड्याच्या घड्या फाडावयास बसल्या. मऊ झालेले सुती कापड, चौपदरी घडी, कडा आत. त्या घड्या चिंगीच्या अंथरुणावर पसरायच्या, दिवसातून तीनदा बदलायच्या, मळलेल्या घड्या मिठाच्या गार पाण्यात भिजवायच्या, साबणाने चोळायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. सप्टेंबरात कडक ऊन कोठले? म्हणून शेवटचा हात इस्त्रीचा. हे सर्व त्या इतक्या सहज बोलत होत्या की, हे ज्ञान त्यांनी कोठून मिळविले हे विचारण्याचे कारणच नव्हते. कराडजवळच्या त्यांच्या गावी, आणि पुढे याच खोलीत, चाळीस वर्षे हेच सर्व त्यांनी स्वतःसाठी केले होते. फक्त ते उन्हात न वाळविता दुसऱ्या कपड्याखाली झाकून, कोणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा बेताने. आता त्याच घड्या गॅलरीतल्या दोरीवर उघड्या फडफडत होत्या, आणि माझे यजमान त्या मोजून आत आणीत होते.

फिनेलविषयी मात्र आमचा त्यांच्याशी वाद झाला. या शहरात स्वच्छतेला वास असावा लागतो. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारी माणसांनी घरेदारे आणि गटारे कार्बोलिक अॅसिडाने धुतली. तेव्हापासूनच मुंबईकराच्या नाकाने तो उग्र दर्प म्हणजे आरोग्य असे ठरवून टाकले असावे, असा माझा आपला तर्क आहे. सासूबाईंना लादी पुसून तो वास आल्याखेरीज लादी पुसल्यासारखी वाटत नाही. परंतु चिंगी त्याच लादीवर निजते आणि पाय चाटते. त्या द्रव्याने तिचे तोंड व पोट बिघडावयाचे. शिवाय सुवासाने आपले नाक फसते, कुत्र्यांचे नाही. म्हणून आम्ही गार पाणी, साधा साबण, मग पाणी घातलेला व्हिनेगर असा क्रम ठेवला, आणि लाद्यांच्या सांध्यांत दात घासण्याचा जुना ब्रश फिरविला. चिंगी स्वतःही चाटून आपले अंग स्वच्छ ठेवीत होती. राहिले ते कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून घेणे पुरे झाले. बाजारात कुत्रींसाठी चड्ड्याही मिळतात. त्या आम्ही पाहुण्यांपुरत्या वापरल्या; त्या दर थोड्या तासांनी बदलाव्या लागतात, न बदलल्यास कातडी ओली राहून चिडते, आणि त्यांनी डाग अडतो, कुत्रा अडत नाही.

खरा प्रश्न उभा राहिला तो गौरींचा. गणपती टेबलावर बसले होते. गौरी आमच्याकडे जमिनीवर, पाटावर बसतात, आणि दारापासून पाटापर्यंत पावले काढावी लागतात. नणंदबाई पुण्याहून आल्या आणि आल्याबरोबर त्यांनी विचारले, "आई, हिला आठ दिवस कोठे पाठवत का नाही? घरात गौरी बसणार, आणि ही अशी!" सासूबाईंनी मजकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी सोवळे कसोशीने पाळलेले. या खोलीत 'बाजूला बसणे' म्हणजे काय होते ते मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे: दाराशी एक पोते, पोत्याभोवती एका खुर्चीची आणि एका ट्रंकेची भिंत, आणि चार दिवस पाण्याच्या तांब्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणे. त्यांनी मला एवढेच विचारले, "हिला कावळा शिवला असं म्हणायचं का गं?"

मी वर लिहिले आहे तेच त्यांस सांगितले. स्त्रीचा शेवट, कुत्रीचा आरंभ. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हिचं ओटी भरायच्या आधीचं. त्यात विटाळ कसला?" आणि नणंदबाईंकडे वळून, "राहू दे तिला. फक्त पावलांवरून चालू देऊ नका."

धर्मशास्त्राच्या कोणत्याही पंडितास हेवा वाटावा असा हा निकाल होता, आणि मला तो ऐकून मनापासून आनंद झाला. तो आनंद टिकला मात्र एकच दिवस. 11 तारखेस, गौरीपूजनाच्या सकाळी, आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येची पाळी आली. तिने ती लपविली नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सर्वांसमक्ष सांगितले, आणि पुढे विचारले, "आजी, चिंगी सुटली. मग मी?"

ज्या युक्तीने कुत्री निर्दोष ठरली, त्याच युक्तीने नात दोषी ठरत होती, कारण हिचे रक्त शेवटाचे. शास्त्राने एकीस सोडविले ते दुसरीस अडकवून. विटाळ आणि घाण या दोन गोष्टी आपण एकाच केरसुणीने झाडावयास पाहतो, तेथे हे असे होते. घाण दिसते, तिला वास असतो, ती गार पाण्याने जाते. विटाळ दिसत नाही, म्हणून तो कशानेच जात नाही. त्याला फक्त दिवस भरावे लागतात. चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी जो प्रश्न विठ्ठलासच विचारला, तो त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात कोणाच्या तोंडी आला नाही. पण तो तेथे उभा होता. नणंदबाई भाजी निवडू लागल्या. मी बोलणार होते. पण तो प्रश्न मला विचारलेला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "जा, आधी कपडा गार पाण्यात टाक." थोड्या वेळाने त्यांनी लुगड्याच्या उरलेल्या घड्यांपैकी एक उचलली, हसल्या, आणि परत ठेवली, मुलीस त्याची गरज नाही हे त्यांना माहीत होते. आरतीच्या वेळी मुलगी सर्वांच्या मागे उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून तिला पुढे घेतले. तबक तिच्या हाती दिले नाही. पण कोपऱ्यातही बसविले नाही, आणि पुरणपोळी तिने सर्वांच्या पंक्तीत खाल्ली. याहून अधिक काही घडले असे मी लिहिले, तर ते खोटे होईल. कन्येस एवढे पुरेसे वाटले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे.

गौरी-गणपती बारा तारखेस गेले; आमचे खरे हाल त्यानंतर सुरू झाले. चिंगीचा स्राव फिका पडला होता, आणि तिची शेपटी एका बाजूस वळू लागली होती. दिवसातून चार वेळा तिला खाली नेणे भाग. माजाच्या दिवसांत कुत्री थोडे थोडे मूत्र जागोजाग टाकते, म्हणजे स्वतःचे आमंत्रण वाटीत फिरते. जिन्यावर एक थेंब पडला तरी तळमजल्याच्या दाराशी सकाळी तीन कुत्रे बसलेले आढळत. म्हणून यजमान तिला तिन्ही मजले उचलून नेऊ लागले आणि मी मागून फडके घेऊन उतरू लागले. ती चौदा किलो वजनाची आहे. शेजाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांत तोंडे वाकडी केली. मग जिना पूर्वी कधी नव्हता इतका स्वच्छ राहतो आहे असे पाहून ती सरळ केली. 17 तारखेस अनंत चतुर्दशी. लालबागकडून ढोलांचा आवाज येत होता, रस्ता माणसांनी भरला होता, आणि घाबरलेली कुत्री दार उघडे सापडताच कोठे जाईल याचा नेम नव्हता. त्या रात्री कन्येने दारास आतून टेबल लावले आणि साखळी मनगटाला गुंडाळून ती चिंगीशेजारी लादीवरच निजली. आठवड्याने चिंगी पुन्हा कुत्र्यांवर गुरगुरू लागली, तेव्हा आम्ही सुटलो.

मात्र लादी पुसण्याचे काम संपले तरी पाहण्याचे संपत नाही. माज गेल्यावर पुढील एक-दोन महिन्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागली, खाईनाशी झाली, किंवा दुर्गंधी स्राव जाऊ लागला, तर ते गर्भाशयात पू झाल्याचे लक्षण असू शकते, आणि त्यात एक दिवसाचा उशीरही जिवावर बेततो. आम्हां काळाचौकीकरांचे भाग्य असे की परळ जवळ आहे. तेथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून उभे आहे, आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालयही तेथेच. माणसांच्या सूतिकागृहांची वानवा होती त्या काळात या शहराने जनावरांची एवढी सोय केली, याचे मला नेहमी नवल वाटते. रस्त्यावरील कुत्रींच्या शस्त्रक्रियेसंबंधीचे केंद्रीय नियम 2001 साली झाले; कान कातरलेली कुत्री दिसली की ती त्यातून गेली असे समजावे.

चिंगीस पिल्ले होऊ द्यावयाची नाहीत, हे आम्ही ठरविले होते. माजात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी तीन महिने थांबण्यास सांगितले. डिसेंबरात ती झाली. परळहून टॅक्सीने येताना सासूबाईंनी चिंगीच्या पोटाखाली लुगड्याची एक घडी धरली होती. घरी आल्यावर तिच्यावर रक्ताचा लहानसा ठिपका आढळला, आणि कोणी काही सांगण्यापूर्वीच कन्येने ती घडी गार पाण्यात टाकली.