उजनीच्या उघड्या काठाने

इंदापूर तालुक्याला समुद्र नाही, पण किनारा आहे. भिगवणजवळच्या डिकसळपासून खाली उजनी धरणाच्या भिंतीपर्यंत भीमा नदीचे पाणी अडून पसरलेले आहे. पावसाळा संपला की ते समुद्रासारखेच दिसते. उन्हाळ्यात मात्र ते मागे मागे हटते आणि उरतो तो वाळून भेगाळलेला, झाड नाही की सावली नाही असा ओसाड पट्टा. २०२४ च्या मे महिन्यात, बारामती मतदारसंघाचे ७ तारखेचे मतदान आटोपल्यावर, आम्ही चौघेजण त्या पट्ट्यावरून डिकसळपासून शहा या गावापर्यंत चालत गेलो. हायवेने हे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर भरेल. काठाकाठाने, प्रत्येक ओढ्याच्या फाट्याला वळसा घालत चालले की ते सहज दुप्पट होते. आम्हाला चार दिवस लागले.

चौघे म्हणजे आम्ही नवरा-बायको, धाकटे बंधू आणि कॉलेजात शिकणारा भाचा. लांब पल्ल्याच्या पायी मोहिमांच्या बातम्या आमच्या घरात आवडीने वाचल्या जातात. पॉल सॅलोपेक नावाचा अमेरिकन पत्रकार २०१३ साली इथिओपियातून पायी निघाला. तांबडा समुद्र ओलांडून तो सौदी अरेबियाच्या वाळवंटातून उंटांसोबत उत्तरेकडे चालत गेला. आपल्या पुण्याच्या सुचेता कडेठाणकर यांनी २०११ साली मंगोलियातले गोबी वाळवंट पायी पार केले, सोळाशे किलोमीटरहून अधिक. त्यांच्यापुढे आमचे चालणे म्हणजे काहीच नाही. तसे चालणे या भागाला नवे नाही. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशीच जाते. आपल्या माणसांनी १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च काढला, तोही पायीच. आमच्या चालण्याला कारण वेगळे होते. आमच्या आत्याचे माहेर या पाण्याखाली आहे. पाणी एवढे खाली गेले आहे तर ते गाव दिसते का, हे बघायचे होते.

बारामतीहून भिगवणला जाताना एकाच तालुक्यात दोन मुलूख दिसतात. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहते आहे. त्याच्या खाली ऊस, साखर कारखाना, बंगले. कालव्याच्या वर जिरायत, तिथे बाजरी आली तर आली. आपल्या लोकांची घरे दोन्हीकडे आहेत. कालव्याखाली ऊसतोडीला आणि वर रोजगार हमीला, एवढाच पुष्कळदा फरक. इंदापूरचा उत्तर भाग पूर्वी असाच कोरडा होता. आज तिथे ऊस दिसतो तो उजनीतून पाइपाने उचललेल्या पाण्यावर.

धरणाचे आकडे थोडे समजून घेतले पाहिजेत, नाहीतर वर्तमानपत्रातले 'उणे पन्नास टक्के' हे कोडेच राहते. उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त, बाकीचे ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे दारांच्या खालचे पाणी. उपयुक्त पाणी संपले की हिशेब शून्यावर येतो, आणि त्याखाली मृतसाठा जसा घटेल तसा उण्यात जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही पुष्कळ खाली गेला. आम्ही चाललो ती जमीन एरवी पाण्याखालीच असते.

डिकसळला आधी जुना पूल पाहिला. पुण्याहून रेल्वे १८५८ साली इथपर्यंत आली होती, आणि काही महिने डिकसळ हेच शेवटचे स्टेशन होते. धरण झाल्यावर रूळ दुसरीकडून गेले, आणि रेल्वेचा दगडी पूल करमाळ्याकडे जाणाऱ्या माणसांच्या कामी आला. २०२३ साली त्याचा काही भाग ढासळला. पुलाखाली पाण्याची बारीक धार होती.

पहाटे पाचला निघायचे, दहाला थांबायचे, साडेचारला पुन्हा निघायचे, असा नेम ठेवला. खांद्याला पिशव्या, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि प्रत्येकी चार लिटर पाणी. शेजारी एवढे धरण असताना पाणी पाठीवर कशाला, असे वाटेल. पण ते पाणी तोंडात घेण्यासारखे नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून इथे येऊन साठते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, वास मारते. काठावरच्या गावातली माणसे पिण्यासाठी जार विकत आणतात. वाळवंटातल्या मोहिमेत पाणी नसते म्हणून पाठीवर घ्यावे लागते. इथे पाणी असून घ्यावे लागले.

पायाखाली कधी भेगाळलेली चिकणमाती, कधी पांढऱ्या शिंपल्यांचा चुरा. शिंपले एवढे की भाचा म्हणाला, "मामा, कोकणात आल्यासारखं वाटतंय." कुंभारगावच्या बाजूला थोडे रोहित पक्षी अजून मागे राहिले होते. बाकीचे उडून गेलेले. हिवाळ्यात ते बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, आणि मासे धरणारी भोई मंडळी पाहुण्यांना होडीतून फिरवतात. तेवढाच जोडधंदा. पाणी आटले की मासेही आटतात. जाळ्यात येतो तो बहुतेक चिलापी. मरळ मिळाला तर त्या दिवशी घरात बोलणे वेगळे असते, असे एका होडीवाल्याने हसत सांगितले.

आम्हाला सर्वांत आश्चर्य वाटले ते मोटारींचे. पाणी जसे मागे हटते तसे शेतकरी आपली मोटार, पाइप आणि वायर पुढे सरकवतात. पाइप कमी पडला की जेसीबीने चर खणून पाणी मोटारीपर्यंत आणतात. मैल-मैल उघड्या जमिनीवर काळे पाइप साप पसरल्यासारखे पडलेले असतात. ज्याच्याकडे पाइपाला पैसा त्याच्याकडे पाणी. काही ठिकाणी उघड्या पडलेल्या गाळात कलिंगड, काकडी लावलेली होती. ही गाळपेर जमीन एका हंगामापुरती भाड्याने देण्याची सरकारी पद्धत आहे. आमच्यासारखे चालणारे कोणी भेटले असतील तर ते मेंढरेवाले धनगर. दुपारच्या मुक्कामाला त्यांच्याच कापडाच्या पालाखाली आम्हाला सावली मिळाली, आणि दूधही.

पळसदेवला गर्दी होती. तिथले पळसनाथाचे जुने दगडी देऊळ पाणी ओसरले की वर येते. त्या वर्षी ते बुडापर्यंत उघडे पडले होते. माणसे फोटो काढत होती. कोरीव काम खरोखर बघण्यासारखे आहे. चाळीस-पन्नास वर्षे पाण्याच्या आत-बाहेर होऊनही दगड हललेला नाही. पण देवळाभोवती गाव होते, गावात घरे होती, ती कुठे गेली हे तिथे कोणी कोणाला विचारताना आम्ही ऐकले नाही. घरे मातीची होती. माती पाण्यात विरघळते, दगड राहतो. म्हणून बुडालेल्या गावाचा फोटो काढायला गेले की देवळाचाच निघतो.

कळाशीच्या काठावर आम्ही तासभर बसलो. समोर करमाळा तालुक्यातले कुगाव. होडीने थोडा वेळ, रस्त्याने जायचे तर मोठाच वळसा. म्हणून बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला माणसे होडीनेच ये-जा करतात. आमच्यासमोर एक होडी भरली. बायका, मुले, दोन मोटारसायकली. अंगात तरंगण्याचे जाकीट कोणाच्याही नव्हते. भाच्याला पलीकडे जाऊन यायची हौस होती, आम्ही वेळ नाही म्हणून नको म्हटले. पुढे २१ मे रोजी याच वाटेवर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहाजण बुडाले, त्यांत लहान मुले होती. बातमी वाचली तेव्हा घरात कोणाला जेवण गेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या रिक्षाने येऊन आम्हाला मिळाली. तिच्या गावाचे नाव इथे मुद्दाम देत नाही. ती माणसे आजही शेजारी राहतात आणि लेकी-सुनांचे येणे-जाणे आहे. गाव उठले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. १९७२ च्या दुष्काळात ती आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची आणि सुकडी खाऊन यायची. धरण १९८० साली पुरे झाले, पण त्यांचे घर त्याआधीच गेले होते. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा, आणि धरणाचे काम त्याच्या कितीतरी आधीचे. आत्याच्या वडिलांची जमीन महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, जमिनी नावावर झाल्या, पण वाटण्या झालेल्या नव्हत्या. "एका उताऱ्यावर तेवीस नावं," आत्या म्हणाली. "पैसं आलं ते तेवीस जागी गेलं. आमच्या वाट्याला एक शेरडू आलं."

गावाचे छोटे दगडी देऊळ अर्धे गाळात होते. त्यावरून महारवाडा शोधायचा होता. आमच्या बंधूंचे म्हणणे, वाडा पूर्वेलाच असणार. वारा पश्चिमेचा, म्हणून आपली वस्ती गावाच्या पूर्वेला, उताराला ठेवायची अशी जुनी रीत होती. आत्याने दिशेचा विचार केला नाही. ती देवळापासून थोड्या अंतरावर जाऊन उभी राहिली. "हितं लिंब हुता. आमी हितपतूर यायचो. म्होरं न्हाय." तिथून तिने पाठ फिरवली आणि लहानपणी पळत जायची त्या वाटेने चालू लागली. आम्ही मागे.

शंभर-दीडशे पावलांवर तिला आड सापडला. घडीव दगडांचे गोल कडे, आत काठोकाठ गाळ. गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत म्हणून वाड्याने स्वतः खणलेला आड. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. या आडाचे पाणी वाडा त्यानंतरही कितीतरी वर्षे पीत होता. घरांचा मागमूस नाही. उखळाचा एक दगड, जात्याची फुटकी तळी, खापऱ्या, बस्स.

आत्या आडाच्या कड्यावर बसली आणि हाताने दाखवत घरे सांगू लागली. हे थोरल्या काकाचे, त्याला लागून आंधळ्या म्हातारीचे, मधे बोळ, मग आमचे, मागे समाजाची चावडी. आमच्या घरच्या मंडळींनी वहीत लिहून घेतले. एकोणीस घरे झाली. दोन घरांवर आत्या अडली, तेव्हा भाच्याने मोबाईलवरून मुंबईला तिच्या चुलतभावाला फोन लावला. दोघांत भांडण जुंपले, आणि घर जागेवर आले. आडाची जागा भाच्याने मोबाईलच्या नकाशावर नोंदवून ठेवली.

परतताना ती देवळाकडे वळली. आम्ही काही बोललो नाही. वाकून आत गेली, छताकडे बघितले, बाहेर आली. "एवढुसंच हुतं व्हय?" म्हणाली, आणि पदराने घाम पुसला.

धरण नको होते असे आम्ही म्हणत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्यांच्याच खात्यात झाली. पूर वाया जाऊ न देता त्याच पाण्यावर शेती, वीज आणि वाहतूक व्हावी, ही त्यांची भूमिका होती. उजनीच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यातली कितीतरी रानं भिजतात. आमचा प्रश्न एवढाच की ज्यांचा उंबरा गेला त्यांच्या हाती काय आले. रात्री नव्या गावठाणात मुक्काम केला. प्लॉटच्या रांगा सरळ आखलेल्या, लाइट आहे, विहार छान बांधला आहे. विहाराच्या ओट्यावर झोपलो. तिथूनही आपली वस्ती शेवटच्या रांगेतच दिसते, आणि पिण्याचा जार तिथेही विकतच येतो.

चौथ्या दिवशी शहाला पोचलो, इंदापुरात येऊन चहा घेतला आणि बारामतीची एस.टी. धरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याकडचा पाऊस भीमेला आला आणि धरण शंभर टक्के भरले. आड पुन्हा पाण्यात गेला. वहीतली यादी साफ लिहून तिच्या प्रती सतरा घरांच्या वारसांना पाठवल्या आहेत. दोन घरांचे वारस अजून सापडायचे आहेत.

ज्या वाचकांच्या घरात उजनीखालच्या गावांतली वडीलधारी माणसे आहेत त्यांनी पाणी उण्यात गेले की त्यांना घेऊन जावे. एप्रिलच्या शेवटापासून जून लागेपर्यंतचे दिवस बरे. ओल्या गाळावर पाय टाकू नये, वरून वाळलेला दिसला तरी आत कमरेएवढा असतो. मेंढरांची वाट धरून चालावे. पाणी घरून न्यावे, आणि एक वही.