वरातीतले वाद्य

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. महाळुंगे गावच्या शिवारात तेव्हा आजच्याइतके कारखाने नव्हते. माझ्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. स्नेहसंमेलनाच्या आधी एके दिवशी तो फडक्यात गुंडाळलेले ते वाद्य छातीशी धरून माझ्यासमोर उभा राहिला.

"गुरुजी, मी वाजवू का?"

"अरे, वरातीतले वाद्य शाळेत शोभेल का?" मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. फडक्याची गाठ आवळून निघून गेला. मी तो प्रसंग विसरूनही गेलो.

गेल्या वर्षी ईस्टरच्या दिवसांत एका ख्रिस्ती स्नेह्याने मला पुण्याच्या लष्कर भागातील सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये वाद्यवृंद ऐकावयास नेले. कॅथीड्रल म्हणजे बिशपांचे मुख्य प्रार्थनामंदिर. छावणीतील आयरिश सैनिकांसाठी ते १८५० च्या सुमारास उभारले गेले. पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तो १८८६ साली. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी रात्री देवळातील घंटा मुक्या होतात आणि शनिवारी रात्री, येशूच्या पुनरुत्थानाचा जागर सुरू झाल्यावरच, पुन्हा बोलू लागतात. त्यामुळे ईस्टरच्या संगीताचे भाविकांना मोठे अप्रूप असते.

समोर पंचवीस-तीस वादक बसले होते. तंतुवाद्य एकही नव्हते. ढोल आणि झांजा सोडल्या, तर सारी वाद्ये फुंकरीची. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अशा वाद्यांना 'सुषिर' असे नाव आहे. बासऱ्या होत्या, पितळी ट्रम्पेट होते आणि पहिल्याच रांगेत होते क्लॅरिनेट! आपल्या सनईच्या तोंडाशी दुहेरी पत्ती असते, तर क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एकच पातळ पट्टी. फुंकर घातली की ती थरथरते आणि नळीतील हवा गाऊ लागते.

सारी वाद्ये थांबली आणि एकटे क्लॅरिनेट खालच्या स्वरात बोलू लागले. सूर हळूहळू चढत गेला, उंच छताला भिडला आणि आमच्यावर उतरला. एवढा समुदाय, पण कोणी खोकलेसुद्धा नाही. मला मात्र त्या सुरात फडक्याची गाठ आवळणारे दोन लहान हात दिसू लागले. माझी मान खाली गेली.

लष्करी बँडांतूनच ही वाद्ये आपल्या वरातीत आली. वाद्य तेच, फुंकरही माणसाचीच. येथे लोक मन लावून ऐकत होते. वरातीत आम्ही ते कधी ऐकलेच नव्हते. उणेपणा वाद्यात नव्हता, तो माझ्या कानांत होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी करीत मी त्याच्या घरी गेलो. तो आता कारखान्यात काम करतो. नुकताच पाळीवरून परतला होता. मला पाहून तो गडबडीने उठला व वाकून पाया पडला.

"त्या दिवशी माझे चुकले. आज वाजवशील?" मी विचारले.

त्याने पेटी उघडून फडक्यात गुंडाळलेले वाद्य बाहेर काढले आणि हसून म्हणाला, "वाजवतो की, गुरुजी! पण बसून ऐकाल ना?"

मी त्याच्या अंगणात मांडी घालून बसलो.