नव्या मोटारीतून, जुन्या माणसांसह

वाचकहो, चैत्र-वैशाखात माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. परदेशी असलेल्या मुलाने वा मुलीने बोलावलेले असते, तिकिटे काढायची असतात आणि वृद्ध आईवडिलांची फाइल माझ्या टेबलावर ठेवून घरची मंडळी विचारतात, "डॉक्टर, यांना नेता येईल का?" मी फाइल चाळते, रक्तदाब पाहते, एखादी तपासणी सांगते आणि 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देते. फाइल ज्याची, तो बहुतेक वेळा भिंतीकडच्या खुर्चीत गप्प बसलेला असतो. हा प्रश्न माझ्याच घरी आला, तेव्हा मीही तेच केले. त्याची ही हकीगत आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या मुलाचा म्युनिकहून फोन आला. त्याने नवी मोटार नोंदवली होती. जर्मनीत गाडी विक्रेत्याकडून घेण्याऐवजी थेट कारखान्याशेजारच्या केंद्रातून स्वतः ताब्यात घेण्याची पद्धत आहे. म्युनिकमध्ये त्यासाठी 'बीएमडब्ल्यू वेल्ट' नावाची काचेची भव्य वास्तू 2007 पासून उभी आहे. गाडी सप्टेंबरमध्ये मिळणार होती. "आजी-आजोबांना घेऊन ये. गाडी घेऊ आणि तिथूनच सगळे प्रवासाला निघू," तो म्हणाला.

अण्णा तेव्हा 81 वर्षांचे आणि आई 76 वर्षांची होती. अण्णांना मधुमेह, त्यासाठी दोन वेळा इन्शुलिन, आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट. आईला उच्च रक्तदाब आणि गुडघ्यांची झीज. अण्णांची सारी नोकरी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून झाली. हजारो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, पण स्वतःची मोटार त्यांनी कधी घेतली नाही.

मुलाने दहा दिवसांचा आराखडा पाठवला. म्युनिक, साल्झबुर्ग, तेथून व्हेनिस, गार्डा सरोवर, स्वित्झर्लंड आणि परत, म्हणजे दहा दिवसांत चार देश. मी डॉक्टरी कात्री चालवली. रोज तीन तासांहून अधिक प्रवास नको, म्हणून इटली आणि स्वित्झर्लंड गेले. कारखान्याच्या फेरीत दोन तासांहून अधिक चालावे लागते, म्हणून तीही रद्द केली. उरले दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रिया, अंतरे छोटी, मुक्काम सात. औषधांचा तक्ता केला. सप्टेंबरमध्ये म्युनिकचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे प्रवासाचा दिवस तेवढा लांबतो. त्यानुसार इन्शुलिनच्या वेळा आखल्या. तक्ता घेऊन मी मोठ्या समाधानाने अण्णांसमोर बसले.

त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि विचारले, "यात कारखाना कुठे आहे?"

मी चालण्याचे, हृदयाचे, गुडघ्यांचे कारण सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग मी येऊन काय करू? डोंगर आपल्याकडेही आहेत. मला ते लोक गाडी कशी बांधतात ते बघायचे होते. तू मला विचारलेच नाहीस."

वाचकहो, मी त्यांच्या सगळ्या तपासण्यांचे कागद मागितले होते. त्यांना काय पाहायचे आहे, एवढे मात्र विचारायचे राहिले होते. मनातून मी ओशाळले. पण डॉक्टर म्हणून माझी अडचणही खोटी नव्हती. त्या वेळी अण्णा दहा मिनिटे चालले की बसत. स्टेंट बसवल्यापासून तीन वर्षे मी त्यांना 'रोज चाला' असे सांगत होते आणि तीन वर्षे ते तो विषय टाळत होते. शेवटी आमच्यात एक करार झाला. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून परवानगी द्यायची आणि सप्टेंबरपर्यंत अण्णांनी सलग पाऊण तास चालून दाखवायचे. तसे झाले तर कारखाना होईल, नाहीतर नाही.

दुसऱ्याच दिवशी पहाटे पावले वाजली. आधी दहा मिनिटे, आठवड्याने बारा, मग पंधरा. पाऊस लागल्यावर ते पडवीत फेऱ्या मारत आणि भिंतीवर खडूने रेघा ओढून त्या मोजत. त्याच्या जोडीला खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचा व्यायाम होता. मांडीचे स्नायू त्याने बळकट होतात आणि पडण्याची भीती कमी होते. ऑगस्टअखेर ते पन्नास मिनिटे चालू लागले. हृदयरोगतज्ज्ञांनी कागदावर सही केली, तेव्हा अण्णांचा चेहरा पदोन्नती मिळाल्यासारखा दिसत होता. 'तब्येतीसाठी चाला' हे माझे वाक्य तीन वर्षे वाया गेले होते. कारखान्यासाठी मात्र ते चालले.

तयारीतील काही गोष्टी आपल्यालाही उपयोगी पडतील, म्हणून सांगते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा असावा लागतो. परंतु रक्कम पाहून थांबू नका. पूर्वीपासून असलेल्या आजारांबाबत त्या विम्यात काय लिहिले आहे, ते वाचून घ्या. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने, इंग्रजीत लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषध दुकानदाराला कळत नाहीत. तेथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि चिठ्ठीशिवाय अनेक औषधे मिळत नाहीत. म्हणून मुक्कामाहून आठवडाभर जास्त पुरतील इतकी औषधे न्या आणि ती विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. इन्शुलिन सामानाच्या डब्यात टाकू नये आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत विसरू नये. अण्णांच्या खिशात खडीसाखर आणि आजारांची माहिती लिहिलेले कार्ड कायम होते. तातडीच्या मदतीसाठी सगळ्या युरोपीय संघात 112 हा एकच क्रमांक चालतो. जर्मनीत तातडीचा नसलेला त्रास असेल आणि दवाखाने बंद असतील, तर 116117 या क्रमांकावर डॉक्टरांची सोय कळते. हे दोन्ही क्रमांक मी आईच्या फोनमध्ये घालून दिले.

कारखान्याच्या फेरीत अण्णा सर्वांत पुढे होते. यंत्रमानवांचे केशरी हात पत्रे उचलत, ठिणग्या उडवत, सांधे जोडत होते. अण्णा कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढे काम चालले आहे, पण हातोडा कुठे वाजत नाही." मग नातवाकरवी त्यांनी विचारले, "चूक राहिली तर कोण पकडतो?" शेवटची तपासणी माणसेच डोळ्यांनी आणि हातांनी करतात, असे उत्तर मिळाले. अण्णांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिले आणि मान डोलावली. वाटेत ते दोनदा बसले. छातीत दुखले नाही, दम लागला नाही.

नंतर गाडी ताब्यात घेतली. फिरत्या चकतीवर ती मंद फिरत होती. मुलाने किल्ली आजोबांच्या हाती दिली. अण्णांनी सगळ्यांत आधी बॉनेट उघडायला सांगितले. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. जर्मनीत प्रत्येक मोटारीत धोक्याची सूचना देणारा त्रिकोण, चमकते जाकीट आणि प्रथमोपचाराची पेटी असणे कायद्याने बंधनकारक आहे. वाहन परवान्यापूर्वी प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. आपल्या मोटारीतील पेटी आपण शेवटची केव्हा उघडून पाहिली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

नवे इंजिन पहिले सुमारे 2000 किलोमीटर बेताने चालवावे असे सांगण्यात आले. अण्णा आईला म्हणाले, "बघ, नव्या इंजिनाला आणि म्हाताऱ्या माणसाला एकच पथ्य. दामटायचे नाही." आमच्या प्रवासाचा वेग त्या एका वाक्याने ठरला.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे येते. दुसऱ्या दिवशी आम्ही कीमझे सरोवरावरून साल्झबुर्गकडे निघालो होतो. वाटेत एका थांब्यावर आई गाडीतून उतरली आणि दाराला धरून तशीच उभी राहिली. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी तिला मागच्या आसनावर आडवी केली, पाय उंच ठेवले. रक्तदाब 92/58 भरला. छातीत दुखणे नव्हते, बोलणे स्पष्ट होते, हातापायांत शक्ती होती, साखर ठीक होती. यांपैकी एकही गोष्ट वेगळी असती, तर मी तत्काळ 112 ला फोन केला असता. जीभ मात्र कोरडी होती. क्षारसंजीवनीचे पाणी घोट घोट दिले. तासाभराने रक्तदाब 110/70 झाला आणि ती उठून बसली.

"आई, सकाळपासून पाणी किती प्यालीस?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दोन घोट. इथे पैसे घातल्याशिवाय फिरकी सुटत नाही. त्या फिरकीतून मला गुडघ्यामुळे नीट जाता येत नाही. आणि पोराला सारखे 'थांब, थांब' म्हणायला बरे वाटत नाही. त्याची नवी गाडी आहे."

तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. ती सकाळी गोळी घेत होती आणि पाणी बंद करत होती. पाय सुजू नयेत म्हणून काय करायचे, हे मी तक्त्यात लिहिले होते. लाज वाटली तर काय करायचे, हे त्यात नव्हते. वाचकहो, प्रवासात असे पाणी तोडणारे वृद्ध माझ्या दवाखान्यातही येतात, पंढरपूरहून किंवा लग्नाहून परतल्यावर. कुणाला चक्कर येते, कुणाला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, कुणी पडते. कारण विचारले, तर 'प्रवासाचा शीण' असे सांगतात.

त्या रात्री मी तिची गोळी बदलून दिली. आपण मात्र असा बदल स्वतःच्या मनाने करू नये, निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि मुलाने एक नियम केला. दर सव्वा तासाने गाडी थांबेल, कुणी सांगो वा न सांगो. 'मलाच पाय मोकळे करायचे आहेत' असे तो म्हणे, त्यामुळे आजीला मागावे लागत नसे. फिरकीच्या शेजारी बहुतेक ठिकाणी रुंद दार असते, तेही त्याने विचारून घेतले. या थांब्यांचा आणखी एक लाभ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग तो विमानाचा प्रवास असो, रेल्वेचा, बसचा वा मोटारीचा. एकूण धोका थोडाच, सुमारे सहा हजारांत एक, असतो. तरीही पाच मिनिटे चालून तो कमी करता येत असेल, तर का चालू नये?

पाचव्या दिवशी आम्ही त्सेल आम झे या सरोवराकाठच्या गावी होतो. तेथून जवळच ग्रोसग्लोकनरचा प्रसिद्ध घाटरस्ता सुरू होतो. 1935 मध्ये खुला झालेला, 48 किलोमीटरचा, 36 तीव्र वळणांचा हा रस्ता 2504 मीटर उंचीपर्यंत चढतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही साडेआठशे मीटर वर. मुलाला तेथे जायचे होते. आईला वळणांनी मळमळते आणि अण्णांची बर्फाची हौस पहिल्या दिवसापासूनच नव्हती. मी म्हणाले, "मी यांच्याजवळ थांबते. तू एकटा जाऊन ये."

तेव्हा आई म्हणाली, "तूही जा. चार तास आम्ही इथे बसू. तुला पाळणाघरात ठेवून मी नोकरी केली होती, तेव्हा तू राहिलीसच ना?"

मी रक्तदाब मोजला, अण्णांची साखर पाहिली, जेवणाची वेळ सांगितली, घरमालकीणबाईंना माझा फोन क्रमांक दिला आणि निघाले. खरे सांगते, पहिली दहा वळणे मला काही दिसले नाही. मन मागेच होते. मग कधीतरी बर्फाच्छादित शिखरे समोर आली आणि अनेक वर्षांनी मी कुणाच्या गोळ्यांचा विचार न करता तासभर बसले. परतलो, तेव्हा दोघे सरोवराकाठच्या बाकावर शेजारी बसून बदकांना पाहत होती. आमच्याकडे त्यांचे लक्षही नव्हते. घरी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना मला हे आवर्जून सांगायचे आहे की, सर्वांनी सर्व काही एकत्रच केले पाहिजे असे नाही. थोडे अंतर त्यांनाही हवे असते आणि आपल्यालाही.

इन्सब्रुकमार्गे आम्ही म्युनिकला परतलो. आता दवाखान्यात कुणी विचारते, 'यांना नेता येईल का?', तेव्हा मी फाइल मिटून ठेवते आणि भिंतीकडच्या खुर्चीकडे वळून आधी दोन प्रश्न विचारते: 'तुम्हाला तिथे काय पाहायचे आहे?' आणि 'वाटेत कशाची अडचण वाटते?' पहिल्या उत्तरावरून तयारी ठरते, दुसऱ्यावरून थांबे ठरतात. औषधांचा तक्ता त्यानंतर.

अण्णा अजूनही रोज पहाटे चालतात. पडवीतल्या खडूच्या रेघा पुसू नका, असे त्यांनी घरात बजावले आहे. आणि परवा पुण्याला जाताना आईने मागच्या आसनावरून मोठ्याने सांगितले, "गाडी थांबव गं, मला उतरायचे आहे." मी लगेच थांबवली.