मांडीचं हाड आणि आजोबांचा फॉर्म

आपण इंजिनिअरिंगवाले कुठलीही वस्तू खोलून पाहिल्याशिवाय गप्प बसत नाही. वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स खोलतो, हॉस्टेलवर रूममेटचा टेबल फॅन खोलतो (आणि दोन स्क्रू उरतात!). पण स्वतःचं शरीर आतून कधी पाहिलंय?

सेमिनारला मी ‘हाडांची ताकद’ हा विषय घेतला. सरांनी परवानगी काढून दिली आणि कोपरगावहून शिर्डीमार्गे लोणीच्या रुरल मेडिकल कॉलेजात जायला मिळालं. १९८४ साली सुरू झालेलं हे कॉलेज आपल्याच जिल्ह्यातलं. अॅनाटॉमीच्या हॉलमध्ये शिरताच फॉर्मॅलिनच्या वासाने डोळे चुरचुरले. तिथल्या मॅडमनी उभं कापलेलं मांडीचं हाड, म्हणजे फीमर, माझ्या हातात दिलं. वरच्या टोकाला आत नुसती बारीक जाळी. पण जाळी कशीही नाही, कमानीसारख्या वळत गेलेल्या रेषा!

झुरिकमध्ये कार्ल कुलमन या इंजिनिअरने शरीरशास्त्रज्ञ फॉन मायर यांच्याकडे असंच हाड पाहिलं होतं. त्याला त्यात क्रेनमधल्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषा दिसल्या. मायर यांनी १८६७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. जिथे भार, तिथे माल. भार गेला की हाड विरळ होतं, म्हणून तर अंतराळवीरांची हाडं झिजतात. एसओएमच्या पुस्तकात जे डोक्यावरून गेलं, ते हातात घेतल्यावर कळलं.

“हे कोणाचं, मॅडम?” मी विचारलं. “नाव आम्ही विचारत नाही. पण मुलं पहिल्या दिवशी नमस्कार करतात. हेच त्यांचे पहिले गुरू.”

बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देता यावेत म्हणून आपल्या राज्यात १९४९ सालीच कायदा झाला. पण स्वतःहून देह देणारेही असतात. माझ्या आजोबांनी देहदानाचा फॉर्म आणून ठेवलाय, आणि त्यावरून घरात अबोला आहे. आजी म्हणते, “अग्नी नाही, मग दहावा कुणाचा घालायचा?” आजोबा म्हणतात, “अगं, कावळ्याला काय घालायचं ते घाल. मला पोरांना द्यायचंय.” बाबा विषयच बदलतात. खरी अडचण अशी, की फॉर्म कोणीही भरला तरी शेवटी काही तासांत देह पोचवायचा असतो घरच्यांनीच. रडायच्या वेळी फोन कोण लावणार?

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती पोरं नमस्कार करतात म्हणालीस ना गं?”

“करतात.”

ती अजून ‘हो’ म्हणालेली नाही. पण नातेवाइकाच्या सहीची जागा रिकामी होती, तिथे मी सही केली. आजोबा गेल्यावर तो फोन मलाच लावायचाय. हात थरथरेल, हे माहीत आहे. पण ज्या हाडाने मला शिकवलं, त्याच्याही घरी कोणीतरी तो फोन लावला असेलच ना!