विश्वासाची हद्द

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी त्र्यंबकेश्वरात माणसांचा पूर लोटतो. पाऊस कोसळत असतो, मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा दिवशीही एका भक्तनिवासातली खोल्यांची नोंद इंटरनेटशिवाय चालावी, म्हणून तिथल्या कार्यालयात छोटा सर्व्हर बसवायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंसेवकांनी पावतीवरचा क्यूआर कोड आपापल्या फोनवर स्कॅन करायचा होता. पण वेबपेजला कॅमेरा वापरायचा तर ब्राउझर एचटीटीपीएस मागतो, आणि १९२.१६८ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्याला कोणतीही सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाही. त्यामुळे ओपनएसएसएल हे साधन वापरून स्वतःचीच सर्टिफिकेट ऑथॉरिटी, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणा, उभी करणं भाग होतं.

सर्व्हरवर आधीच्या कुणी केलेलं एक सर्टिफिकेट होतं. ऑथॉरिटी फोनमध्ये घातलेली असूनही ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ हे पान हटत नव्हतं. सर्टिफिकेट उघडून पाहिलं, तर पत्ता फक्त ‘कॉमन नेम’मध्ये लिहिलेला. २०१७ मध्ये आलेल्या ५८व्या आवृत्तीपासून क्रोम तिकडे बघतच नाही. त्याला नाव हवं ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या एक्स्टेंशनमध्ये. सर्टिफिकेट मागणाऱ्या विनंतीच्या फाइलमध्ये ते होतंही. पण ओपनएसएसएलची सही करणारी साधी आज्ञा विनंतीतली एक्स्टेंशन आपणहून उचलत नाही, ती वेगळ्या फाइलमधून द्यावी लागतात. शिवाय आयपी पत्ता ‘डीएनएस’ म्हणून नव्हे, ‘आयपी’ म्हणूनच नोंदवावा लागतो.

विनंतीतलं सगळं जसंच्या तसं उतरवून घेणारी सेटिंगही ओपनएसएसएलमध्ये आहे. मी ती बंदच ठेवतो. मागणाऱ्याने ‘सीए : ट्रू’, म्हणजे ‘मीही ऑथॉरिटी आहे’, असं लिहून पाठवलं आणि आपण न वाचता सही केली, तर उद्या तोच दुसऱ्यांना सर्टिफिकेटं वाटत सुटेल. म्हणून सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये ‘सीए : फॉल्स’ आणि ‘सर्व्हर ऑथ’ मी स्वतः लिहिलं. त्र्यंबकचे पुरोहित पूजेच्या अधिकाराचं पेशवेकालीन ताम्रपत्र सांगतात. तिथेही अधिकार देणाऱ्यानेच लिहिलेला आहे, मागणाऱ्याने नव्हे.

खरी काळजी वेगळीच होती. स्वयंसेवकांच्या फोनमध्ये मी माझी ऑथॉरिटी घालणार, आणि त्याच फोनवर त्यांची बँक. माझी खाजगी की कुणाच्या हाती लागली, तर बँकेच्या नावाचंही सर्टिफिकेट बनवता येईल आणि फोनचा ब्राउझर ते खरं मानेल. त्यावर उपाय ‘नेम कन्स्ट्रेंट्स’. ही ऑथॉरिटी फक्त अमुक नावांना सर्टिफिकेट देऊ शकते, असं तिच्याच सर्टिफिकेटमध्ये लिहायचं. इथे एक खाचखळगा आहे : नुसता आयपीचा पट्टा लिहिला, तर डोमेनची नावं मोकळीच राहतात. मी दोन्ही लिहिलं, आयपीचा पट्टा आणि सर्व्हरचं अंतर्गत नाव. सगळे ब्राउझर मूळ सर्टिफिकेटवरची ही मर्यादा पाळतातच असं नाही, म्हणून की पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलूपबंद केली.

ही भीती कल्पनेतली नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेनांची अनधिकृत सर्टिफिकेटं आढळली. ती भारतातल्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या ऑथॉरिटीकडून निघाली होती, आणि तिच्यामागची भारताची मूळ ऑथॉरिटी विंडोजला मान्य असल्याने विंडोजवरचे बहुतेक प्रोग्राम तिच्यावर विश्वास ठेवत होते. गूगलच्या साइटसाठी चालणाऱ्या की क्रोममध्ये आधीच नोंदवलेल्या असल्याने क्रोमने मात्र ती सर्टिफिकेटं स्वीकारली नसती, पण इतर साइटना ते संरक्षण नव्हतं. नंतर गूगलने क्रोममध्ये भारताच्या मूळ ऑथॉरिटीला जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या डोमेनांपुरतं बांधून टाकलं. त्या हद्दी आधीच आखलेल्या असत्या, तर हद्दीबाहेरच्या कोणत्याही साइटच्या नावाचं सर्टिफिकेट क्रोमने दारातच अडवलं असतं.

भक्तनिवासाची नोंद त्या सोमवारी नेटशिवाय सुरळीत झाली. तुम्हीही कधी दुसऱ्याच्या फोनमध्ये आपली ऑथॉरिटी घालणार असाल, तर आधी तिच्यावर मर्यादा लिहा, आणि काम संपलं की ती त्या फोनमधून काढून टाका.